माइकवरच्या कामाचे पैसे: ईस्पोर्ट्स कास्टर, होस्ट आणि अ‍ॅनालिस्ट यांचे नेहमीचे प्रश्न

मुंबई, ठाणे, कल्याण पट्ट्यात राहून ईस्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचं समालोचन (कास्टिंग), होस्टिंग किंवा अ‍ॅनालिस्ट डेस्कवर सामन्यांचं विश्लेषण करणाऱ्यांसाठी आणि त्यांना बोलावणाऱ्या आयोजकांसाठी हे पान आहे. उदाहरणांतले रुपये हिशेब समजावा म्हणून घेतलेत, बाजारभाव म्हणून नाही.

माझा दिवसाचा दर किती असावा?

सुरुवात दुसऱ्याच्या दरापासून करू नका, स्वतःच्या खर्चापासून करा. कागदावर तीन आकडे लिहा. समजा घरखर्च महिना ₹४०,०००. धंद्याचा खर्च, म्हणजे दोन इंटरनेट लाइन, माइक आणि हेडफोनची झीज, सीएची फी, आरोग्य विमा, कॅमेऱ्यासमोरचे कपडे, हे मिळून ₹१०,०००. रिकामे महिने आणि कर यांसाठी बाजूला ₹२०,०००. झाले महिन्याला ₹७०,०००, वर्षाला ₹८,४०,०००.

आता वर्षात प्रत्यक्ष किती दिवस माइकवर बसता येईल? परीक्षा, पाऊस, गेमचा सीझन संपणं, घसा बसणं हे सगळं वजा करून ७० दिवस धरा. ८,४०,००० भागिले ७०, म्हणजे दिवसाला ₹१२,०००. हा झाला तुमचा तळाचा दर. याच्या खाली गेलात की फरक तुमच्या घरातून जातो.

कुणी ₹५,००० म्हणालं तर तेवढ्याच कमाईला १६८ दिवस लागतील. प्रत्येक दिवसामागे एक दिवस तयारीचा धरला तर ३३६. वर्षाचे उरलेले २९ दिवस रविवारांनाही पुरत नाहीत.

आयोजक म्हणतात, "तुला तर दीड तासच बोलायचंय." त्यांना काय सांगायचं?

त्यांचा आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. बीजीएमआय या मोबाइल गेमचा मॅच-डे घ्या. सहा सामने, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा, मध्ये दहा-पंधरा मिनिटांची फट. कास्टरच्या दोन जोड्या आलटून-पालटून बसतात, तेव्हा तुमच्या वाट्याला तीन सामने, म्हणजे दीड तास.

पण शो तीनला असला तरी कॉल टाइम बाराचा असतो. मेकअप, कॉलरचा लॅपल माइक लावणं, कानात प्रोड्युसर बोलतो त्या टॉकबॅकची पातळी, स्पॉन्सरच्या ओळींची तालीम, ग्राफिकवरचं आडनाव चुकलंय ते दुरुस्त करून घेणं, हे सगळं तीनच्या आत उरकायचं. दुसरी जोडी माइकवर असताना तुम्ही मोकळे नसता. लॉबी (सामन्यासाठी खेळाडू जमतात ती ऑनलाइन खोली) अडकली की प्रोड्युसर कानात म्हणतो, "डेस्कवर या, दहा मिनिटं भरा." पॅक-अप साडेनऊला झालं तर साडेनऊ तास गेले. डोंबिवलीहून गोरेगावचा स्टुडिओ, दादरला गाडी बदलून, जाऊन-येऊन साडेतीन तास. एकूण १३.

याखेरीज आदल्या रात्रीची तयारी: १६ संघ, ६४ खेळाडू, कोण कुठे उतरतो, कोणाचा आयजीएल (खेळात संघाला सूचना देणारा कप्तान) बदलला, मागच्या आठवड्याची गुणतालिका. हे न करता बसणारा कास्टर पहिल्या सामन्यातच उघडा पडतो. प्रेक्षकांना ते आयोजकाच्या आधी कळतं.

सामन्याप्रमाणे दर घ्यावा की दिवसाप्रमाणे?

दिवसाप्रमाणे. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये १३ राउंड जिंकले की मॅप संपतो, पण १२-१२ झालं की ओव्हरटाइम, तोही बरोबरीत सुटला की आणखी एक. बेस्ट ऑफ थ्री कधी दीड तासात आटोपते, कधी तीन तास उलटून जाते. सामन्याप्रमाणे पैसे घेतले तर खेळाडूंच्या झुंजीचा भुर्दंड तुमच्यावर. शिवाय सर्व्हर पडून सामना उद्यावर गेला तर "सामना झालाच नाही" असं ऐकावं लागतं. मुंबईत मालिका आणि जाहिरातींच्या सेटवर शिफ्टची पद्धत जुनी आहे, आयोजकांचे लाइन प्रोड्युसर बहुधा त्याच सेटवरून आलेले असतात. त्यांना शिफ्टच्या भाषेत सांगा, लगेच समजतं.

आमची शिफारस अशी: एक शिफ्ट म्हणजे कॉल टाइमपासून १० तास, जेवणाचा तास धरून. पुढच्या प्रत्येक सुरू झालेल्या तासाला तासाच्या दराची दीडपट. ₹१२,००० च्या दराला तास पडतो ₹१,२००, म्हणजे ओव्हरटाइम ₹१,८००. अर्ध्या दिवसाची तालीम ₹६,०००. शिफ्ट माइक सुरू झाल्यावर नाही, गेटवर सही केल्यावर सुरू होते. हे वाक्य ईमेलमध्ये असू द्या.

बक्षिसाची रक्कम मोठी असेल तर माझाही दर वाढवावा का?

बक्षीस आणि टॅलेंटचे, म्हणजे कास्टर-होस्ट मंडळींचे, पैसे वेगवेगळ्या खिशांतून येतात. बक्षिसाचा आकडा गेमचा प्रकाशक किंवा मुख्य प्रायोजक ठरवतो आणि तो पोस्टरसाठी असतो. तुमचे पैसे प्रॉडक्शनच्या बजेटमधून निघतात. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एप्रिल २०१९ मध्ये ईएसएल वन मुंबई झाली तेव्हा डोटा २ या गेमसाठी ३ लाख डॉलरची बक्षिसं होती. त्या आकड्यावरून डेस्कवरच्या कुणाचीही फी काढता आली नसती.

त्यापेक्षा हे विचारा: प्रक्षेपण किती भाषांत आहे, टीव्हीवर जाणार का, प्रायोजक किती, रेकॉर्डिंग कुठे वापरणार. दर वाढायला कारणं ही.

मराठी स्ट्रीमला "प्रेक्षक कमी, म्हणून फी कमी" म्हणतात. हे योग्य आहे का?

आमच्या मते नाही. कॉल टाइम तोच, सामने तेच, घसा तोच. उलट काम थोडं जास्तच. प्रायोजकाची ओळ इंग्रजीत किंवा हिंदीत लिहून येते आणि मराठी कास्टरला ती शोच्या वीस मिनिटं आधी मिळते. तीस सेकंदांची ओळ शब्दशः मराठीत आणली की चाळीस-पंचेचाळीस सेकंद खाते आणि तिकडे झोन (खेळाडूंना आत ढकलणारं आकसतं वर्तुळ) सुरू झालेला असतो. ती ओळ मराठीत नव्याने बसवणं हे लेखनाचं काम आहे. त्याचे पैसे वेगळे लावा, नाहीतर "अनुवादित स्क्रिप्ट ४८ तास आधी मिळेल" असं लिहून घ्या.

आयपीएल २०२३ चं जिओसिनेमावरचं प्रक्षेपण बारा भाषांत होतं, त्यात मराठीही होती. भाषेची फीड हा मोठ्या प्रक्षेपकांसाठी उपकार नसतो, प्रेक्षक मिळवण्याचा मार्ग असतो. आयोजकाला मराठी प्रेक्षक हवेत म्हणूनच त्याने तुम्हाला फोन केलाय, हे बोलताना विसरू नका.

घरून कास्ट करायचं असेल तर फी कमी घ्यायची?

प्रवास वाचतो, तेवढा कन्व्हेयन्स (प्रवासखर्च) सोडा. फी सोडू नका. स्टुडिओत माइक, दिवे, इंटरनेट, जनरेटर आयोजकाचा असतो, घरी ते सगळं तुमचं. किमान गरज: केबलने जोडलेली लाइन, अपलोड निदान २० एमबीपीएस, दुसऱ्या कंपनीची राखीव लाइन, राउटर आणि पीसी दोन्ही चालतील असा यूपीएस, बंद होणारी खोली.

घरच्या कास्टमध्ये बिघडतं ते बहुधा वीज जाण्यामुळे नाही, आवाज आणि चित्र यांच्यातल्या अंतरामुळे. निरीक्षकाची (गेममधला कॅमेरा फिरवणाऱ्याची) फीड तुमच्याकडे दीड-दोन सेकंद उशिरा येते आणि जोडीदाराकडे वेगळ्या वेळी. मग तो "गेला!" म्हणतो आणि तुमच्या पडद्यावर माणूस अजून जिवंत असतो. म्हणून तांत्रिक तालीम लागते, निदान एक तास, आणि तीही बिलात येते.

कोणकोणत्या गोष्टी दरात धरलेल्या नसतात?

सगळ्यांत जास्त पैसे इथेच गळतात. तालीम. प्रोमोचं शूट. तुमच्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकायच्या पोस्ट: "दोन स्टोरी आणि एक रील टाक ना" हे सहज म्हणून येतं, पण ते जाहिरातीचं काम आहे. वॉच पार्टी, म्हणजे प्रेक्षकांसोबत सामना बघत बोलणं. बाहेरगावी असाल तर प्रवासाचा दिवस, ज्याला आम्ही निम्मा दर सुचवतो. रोजचा खाण्याचा भत्ता.

आणि रात्रीचा प्रवास. लोकल रात्री एकच्या आसपास थांबते आणि पहाटे चारनंतर सुरू होते. मध्यरात्र ते पहाटे पाचपर्यंत रिक्षा-टॅक्सीला २५ टक्के जादा भाडं लागतं. "पॅक-अप रात्री ११ नंतर गेलं तर घरापर्यंत गाडी आयोजकाची" एवढी एक ओळ घाला. ही सोय सगळ्यांसाठीच हवी. फक्त मुलींसाठी गाडी ठेवून मुलांना स्टेशनच्या बाकावर बसवणारे महाभागही आहेत.

करार हवाच का? व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेलं चालत नाही का?

व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं अगदीच कामाचं नसतं असं नाही, पण तिथे अर्ध्या गोष्टी व्हॉइस नोटमध्ये, अर्ध्या फोनवर ठरतात आणि भांडण झालं की प्रत्येकाच्या आठवणीत वेगळा आकडा निघतो. पाच पानी करार मिळत नसेल तर एक ईमेल पाठवा आणि त्यावर "मान्य" असं उत्तर घ्या. ईमेलवर झालेला करारही कायद्याने करारच असतो.

मजकूर साधारण असा: "तारखा १२ ते १५, रोज कॉल टाइम दुपारी १२, शिफ्ट १० तास. फी दिवसाला ₹१२,०००, ११ तारखेची तालीम ₹६,०००, जीएसटी लागू असल्यास वेगळा. ओव्हरटाइम तासाला ₹१,८००. कन्व्हेयन्स प्रत्यक्ष बिलाप्रमाणे. ३० टक्के आगाऊ, उरलेली रक्कम बिलानंतर १५ दिवसांत. रद्द झाल्यास खालीलप्रमाणे."

हा ईमेल कधी पाठवायचा? टॅलेंटचं पोस्टर बाहेर पडण्याआधी. तुमचा फोटो जाहीर होईपर्यंत आयोजकाला तुमचं "हो" हवं असतं. जाहीर झाल्यावर माघार घेतली तर बोल तुम्हाला लागतो. म्हणून फोटो मागितला की उत्तर एकच: "कन्फर्मेशनचा ईमेल आला की लगेच पाठवतो."

आयोजकाच्या करारात कुठल्या कलमांवर अडायचं?

"एक्सक्लुझिव्ह" हा शब्द दिसला की तारखा शोधा. स्पर्धेच्या चार दिवसांत दुसरीकडे बसू नका, हे रास्त. तीन महिने दुसऱ्या कुणाचं काम करू नका म्हणत असतील तर त्या तीन महिन्यांचे पैसे मागा. करार संपल्यानंतरही धंदा करू नका असं बंधन भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही, पण ते टिकत नाही हे सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं. आधीच खोडून घेणं स्वस्त पडतं.

"सर्व माध्यमांत, सर्व जगात, कायमस्वरूपी" हे दुसरं. प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ मध्ये सादरकर्त्याचे हक्क वेगळे दिलेत. सादरकर्ता कोण याच्या यादीत नट, गायक, डोंबारी, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा आहे आणि शेवटी "सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती" असे शब्द आहेत. कास्टरचा दावा तिथून येतो. त्याच कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून आयोजकाचा वकील "कायमस्वरूपी" लिहायला विसरत नाही. सामन्याचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर राहणं ठीक आहे. तुमच्या "काय मारलाय!" या आरोळीचा तुकडा उद्या मोबाइलच्या जाहिरातीत लागणार असेल तर त्याची फी वेगळी, असं एक वाक्य घाला.

तिसरं, आवाजाची एआय नक्कल. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध अंतरिम मनाई दिली. तो निकाल प्रसिद्ध कलाकाराच्या बाबतीतला आहे. नवख्या कास्टरने त्याच्या भरवशावर न राहता "माझ्या आवाजावरून कोणतंही मॉडेल तयार करणार नाही" हे लिहूनच घ्यावं.

स्पर्धा रद्द झाली तर?

हा प्रश्न भारतात पुस्तकी नाही. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय अ‍ॅप स्टोअरवरून गायब झालं आणि मे २०२३ मध्ये परतलं. मधल्या काळात त्या एका गेमवर ज्यांचं वर्ष उभं होतं त्यांच्या तारखा एका रात्रीत कोऱ्या झाल्या. ज्यांच्याकडे रद्द करण्याचं कलम होतं त्यांना निदान मागायला जागा होती.

आम्ही सुचवतो ती पायरी अशी: १४ दिवसांपेक्षा कमी अवधी राहिला असताना रद्द झाल्यास फीचे २५ टक्के, ७ दिवसांपेक्षा कमी असल्यास ५० टक्के, ४८ तासांत पूर्ण फी. सरकारी बंदी, पूर, सर्व्हर कायमचा बंद अशा वेळी आयोजकही बुडालेला असतो. तिथे पूर्ण फीचा हट्ट धरू नका, पण झालेली तालीम, झालेले दिवस आणि परत न मिळणारं तिकीट यांचे पैसे ठरवून ठेवा. तारीख पुढे ढकलली आणि नव्या तारखेला तुम्ही मोकळे नसाल तर ते रद्द झाल्यासारखंच धरायचं. हे लिहिलं नाही तर "आम्ही रद्द कुठे केलं, पुढे ढकललं" असं उत्तर येतं.

तुम्ही स्वतः आजारी पडलात तर? बदली कास्टर सुचवा, आगाऊ रक्कम परत करा. नियम दोन्ही बाजूंना सारखा हवा.

टीडीएस म्हणून १० टक्के कापले. ते बुडाले का?

नाही, ते तुमच्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्र भरलं की करात वळते होतात, जास्त असतील तर परत मिळतात. समजा चार दिवसांचे ₹४८,००० आणि तालमीचे ₹६,०००, बिल ₹५४,०००. टीडीएस ₹५,४००, हातात ₹४८,६००. व्यावसायिक फीवर एका देणाऱ्याकडून वर्षाला ₹५०,००० पर्यंत ही कापणी होत नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे, आधी ₹३०,००० होती. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात.

खेळाडू, पंच, समालोचक, अँकर यांची नावं प्राप्तिकर खात्याच्या २००८ च्या अधिसूचनेत व्यावसायिक सेवांमध्ये आलेली आहेत, त्यामुळे अकाउंट्सवाल्याने १० टक्के कापले तर भांडू नका. भांडायचं ते पुढच्या गोष्टीवर: कापलेले पैसे सरकारकडे भरले का? प्राप्तिकर पोर्टलवरची २६एएस आणि एआयएस ही विवरणं तपासा, टीडीएसचं प्रमाणपत्र (फॉर्म १६ए) मागा. कापले पण भरले नाहीत, असं घडतं, आणि ते कळतं जुलैमध्ये, विवरणपत्र भरायला बसल्यावर.

प्रवासखर्चाची बिलं फीच्या बिलात मिसळू नका, नाहीतर रिक्षाच्या भाड्यावरही टीडीएस कापला जातो. वेगळं पत्र, मूळ पावत्या जोडून. आणि बिलावर "मानधन" न लिहिता "व्यावसायिक शुल्क" लिहा. मानधन हा शब्द सत्कार समारंभातला आहे, त्यात श्रीफळही बसतं.

जीएसटी नोंदणी लागते का?

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल ₹२० लाखांच्या पुढे गेली की लागते. त्याआधी नाही. नोंदणी असेल तर फीवर १८ टक्के वेगळे लावा, आणि टीडीएस जीएसटी वगळून मूळ रकमेवरच कापला जातोय का बघा. कर भरताना पन्नास टक्के उत्पन्न धरण्याची जी सवलतीची पद्धत आहे ती ठरावीक व्यवसायांसाठी आहे. कास्टर त्यात बसतो असं गृहीत धरून चालू नका, सीएला विचारा.

"पेमेंट ९० दिवसांनी" हा मुंबईचा रिवाजच आहे ना?

टीव्हीच्या जगातला जुना रिवाज आहे, खरं. पण तुमच्याकडे एक हत्यार आहे जे फार थोडे कास्टर वापरतात: उद्यम नोंदणी. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, आणि एकटा माणूसही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. नोंदणी काम सुरू होण्याआधीची हवी, नंतर केली तर वाद होतो.

नोंदणी असली की २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायदा लागू पडतो. लेखी मुदत ठरलेली असेल तर ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, करारात ९० लिहिलं असलं तरी. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के, म्हणजे ₹५४,००० वर पहिल्याच महिन्याचे ₹८१०.

व्याजापेक्षाही अकाउंट्स खातं ज्याला घाबरतं ते वेगळं आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा करता येत नाही. मार्च जवळ आला की हे एक वाक्य चमत्कार करतं. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा.

पैसे आलेच नाहीत. आता?

पहिले १५ दिवस सभ्यपणे, लेखी. टॅलेंट मॅनेजरला नाही, अकाउंट्सला, मॅनेजरला प्रत टाकून. बऱ्याचदा बिल अडलेलं असतं ते पीओ (खरेदी आदेश) नंबर नसल्यामुळे किंवा रद्द केलेला चेक जोडला नाही म्हणून, आणि हे तुम्हाला कुणी कळवत नाही. "बिल कुठल्या टप्प्यावर आहे?" असं विचारा. "पेमेंट कधी?" याला उत्तर नेहमी "पुढच्या आठवड्यात" असतं.

४५ दिवस उलटले की व्याजाचा तक्ता जोडून पत्र. मग उद्यम नोंदणीवर सरकारच्या एमएसएमई पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे (असे थकबाकीचे वाद सोडवणारी राज्याची परिषद) अर्ज. त्याने न भागलं तर वकिलाची नोटीस आणि लेखी करार असेल तर समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दिवाणी दावा. दावा लावायची मुदत पैसे देय झाल्यापासून ३ वर्षं. कंपनीला दिवाळखोरीची धमकी देऊ नका, तिथे किमान थकबाकी १ कोटी लागते आणि समोरच्याला ते ठाऊक असतं.

एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) लिहावं का? सगळे कागद हातात असतील, रक्कम आणि तारीख नेमकी असेल, आणि सभ्य स्मरणपत्र आणि व्याजाचं पत्र हे वरचे दोन टप्पे झाले असतील तर लिहा. एप्रिल २०१६ मध्ये मॉन्टेक्रिस्टो, डोआ आणि पापास्मिथी हे तीन लीग ऑफ लेजंड्स कास्टर शांघायच्या मिड-सीझन इन्व्हिटेशनलला दरावरून नाही म्हणाले आणि त्यांनी ते जाहीरपणे मांडलं. फ्रीलान्स कास्टरच्या दरावर त्या वेळी जगभर उघड चर्चा झाली. पण तिघेही आधीच नावाजलेले होते आणि एकत्र होते. एकटा नवखा माणूस अर्धवट स्क्रीनशॉट टाकतो तेव्हा चर्चा पैशांची होत नाही, त्याच्या स्वभावाची होते.

बेटिंग अ‍ॅपची जाहिरात वाचायला लावली तर?

वाचू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने ईस्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. अशा खेळांची जाहिरात करण्यालाही २ वर्षांपर्यंत कैद, ₹५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. नावात "न्यूज" किंवा "स्कोअर" जोडलेली सरोगेट जाहिरातही याच भानगडीची. करारात दोन ओळी: प्रायोजकांची यादी ४८ तास आधी मिळेल, आणि कायद्यात न बसणारा मजकूर वाचायला नकार दिल्यास फी कापली जाणार नाही.

कॉलेजच्या फेस्टला फुकट करावं का?

एकदा, अनुभवासाठी, जवळ असेल तर जरूर. अटी तीन: पूर्ण रेकॉर्डिंग तुम्हाला मिळेल, जेवण आणि जाण्या-येण्याचे पैसे मिळतील, आणि स्टेजमागे पैसे देणारा प्रायोजक नसेल. एनर्जी ड्रिंकचा फ्रिज उभा असेल तर कुणीतरी पैसे दिलेत.

माझं वय १७ आहे. मी करार करू शकतो का?

१८ पूर्ण होईपर्यंत तुमची सही कायद्याने करार होत नाही. आई किंवा बाबांच्या नावाने करार आणि बिल करा, बँक खातंही त्यानुसार. रात्रीच्या शिफ्टला घरचं कुणी सोबत असेल हेही लिहा.

स्टुडिओत त्रास झाला तर तक्रार कुणाकडे? मी तर तिथली कर्मचारी नाही.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फ्रीलान्सरलाही लागू आहे आणि शूटची जागा कामाची जागाच ठरते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक, नाहीतर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार ३ महिन्यांत लेखी. कॉल शीटवर समितीच्या माणसाचा नंबर छापा, असा आग्रह धरायला काही लागत नाही.

आम्ही छोटे आयोजक आहोत. एवढं आम्हाला परवडणार कसं?

हिशेब मांडून बघा. चार दिवसांची स्पर्धा, चार कास्टर, एक होस्ट, एक अ‍ॅनालिस्ट, सगळे ₹१२,००० ने: ₹२,८८,०००. अर्ध्या दिवसाची तालीम सहा जणांची ₹३६,०००. कन्व्हेयन्स माणशी रोज ₹८०० धरून ₹१९,२००. एकूण ₹३,४३,२००. जड वाटत असेल तर माणसं कमी करा, दर नको. पहिल्या दोन दिवसांचा अ‍ॅनालिस्ट डेस्क काढला तर ₹२४,००० वाचतात, प्रेक्षकाला फारसं जाणवत नाही. सहाऐवजी चार सामन्यांचा दिवस ठेवला तर एकच जोडी भागवू शकते. सहा सामने मात्र एका जोडीला देऊ नका. पाचव्या सामन्यापर्यंत आवाज फाटतो, खेळाडूंची नावं चुकतात आणि शेवटची झोन, जी सगळ्यांना बघायची असते, तीच थकलेल्या गळ्यातून ऐकू येते.

बजेटमध्ये टॅलेंटची ओळ एलईडी वॉलच्या आधी लिहा. वॉलवाला आगाऊ पैसे घेतल्याशिवाय ट्रक सोडत नाही, म्हणून त्याचे पैसे कधी थकत नाहीत.